स्थौल्यविचारातील निद्रा आणि कालक्रम

मराठीत आज ‘दिवास्वप्न’ म्हणजे जागेपणीचा कल्पनाविलास. चरकसंहितेत मात्र त्याचा अर्थ दिवसा झोपणे एवढाच आहे. सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिस्थौल्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत गुरू व मधुर आहार, व्यायामाचा अभाव आणि बीजस्वभाव यांच्या जोडीने दिवास्वप्नाचाही निर्देश आहे. त्यावरून झोपेची वेळ आणि मेदवृद्धी यांचा आज मानला जाणारा संबंध प्राचीनांना ज्ञात होता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच अध्यायातील उपचार पाहिला म्हणजे तो आवरावा लागतो. स्थौल्य घालवू इच्छिणाऱ्याने व्यायाम व चिंतन यांप्रमाणेच जागरणही क्रमाक्रमाने वाढवावे, असे तेथे सांगितले आहे. झोप ही आहारासारखीच देहाचे पोषण करणारी मानली असल्यामुळे ती घटविली की मेदही घटेल, ही त्यामागील उपपत्ती होय.

आधुनिक विचार निराळ्या वाटेने आला. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने अंधारात ठेवलेल्या लाजाळूच्या जातीच्या वनस्पतीची पानेही नित्याच्या लयीने उघडतात व मिटतात, असे नोंदविले. १९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्ग यांनी ‘सुमारे’ व ‘दिवस’ या अर्थांच्या लॅटिन शब्दांपासून ‘सर्केडियन’ ही संज्ञा घडविली. २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात, दोन रात्री झोप चार तासांवर आणताच त्यांची भूक वाढल्याचे आढळले. २००५ मध्ये ‘क्लॉक’ जनुकात दोष असलेले उंदीर मेदस्वी होतात, असे दिसून आले.

तरुणांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. पौगंडावस्थेत शरीराची लय उशिराकडे झुकते, हे मेरी कार्स्काडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले. शाळेची घंटा मात्र पहाटेकडेच राहिली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती यामुळेच.

झोप आणि स्थौल्य यांतील कार्यकारणभाव सर्वस्वी उलगडला आहे, असे नव्हे. तथापि जे जागरण एकेकाळी स्थौल्यावरील उपाय होते, तेच आज त्याचे संभाव्य कारण ठरले आहे. शब्दसाम्यावरून सिद्धांतसाम्य गृहीत धरल्यास हा भेद नजरेआड होतो. आणि स्थूल मुलाला झोपाळू म्हणून हिणवणाऱ्या उपदेशाला प्राचीनतेचे अनाठायी पाठबळ मिळते.