एक शहर, तीन स्टेशनं: नागपुरात गाडी बदलायची म्हणजे नेमकी कुठे?

हा भाग एका मेसेजमुळे झाला. पुण्याच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "गाडी अजनीला संपते. पुढे छिंदवाड्याची गाडी इतवारीहून आहे. मध्ये दोन तास आहेत. जमेल ना?"

जमेल की नाही ते पुढे सांगतो. आधी मला दुसराच प्रश्न पडला. नागपूर काही मुंबई नाही. मग इथे गाडी बदलायला शहर का ओलांडावं लागतं? ह्याचं उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८६७ साली जीआयपी रेल्वे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, भुसावळहून नागपूरला पोचली. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली १८५३ ला, त्यानंतर चौदा वर्षांनी. कंपनीचा डोळा होता वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर. स्टेशन कुठे आलं बघा: एका बाजूला सीताबर्डीची टेकडी आणि इंग्रजांची वस्ती, दुसऱ्या बाजूला भोसल्यांचं जुनं शहर. महाल, इतवारी हा सगळा बाजार तिकडे, पूर्वेला. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तीही स्टेशनपासून फार लांब नाही. आज मेट्रोत 'कॉटन मार्केट' अशी अनाउन्समेंट होते ना, ती ह्याच कापसाची आठवण.

आता पूर्वेकडून दुसरी रेल्वे आली. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे सुरू झाली आणि १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली. छत्तीसगडचा गहू बाहेर काढायचा होता. पण ही लाइन मीटरगेज! जीआयपीची ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर, आणि हिची १००० मिलिमीटर. म्हणजे राजनांदगावहून निघालेलं गव्हाचं पोतं मुंबईला जायचं असेल तर नागपुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायचं. नागपुरात 'गाडी बदलणे' हा प्रकार माणसांच्याही आधी पोत्यांनी जास्त भोगला असेल, असं मला वाटतं.

१८८७ ला बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन घेतली, ब्रॉडगेज केली आणि पूर्वेकडे वाढवत नेली. १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत, १९०० मध्ये थेट हावड्यापर्यंत. मुंबई ते कलकत्ता नागपूरमार्गे रस्ता असा पुरा झाला. त्याच्या आधी तीस वर्षं तो प्रवास जबलपूर-अलाहाबादवरून व्हायचा.

गेज एक झाला, पण मालक दोनच राहिले. बाजारपेठेचं स्टेशन इतवारी, ते बंगाल-नागपूरचं. शहराचं मुख्य स्टेशन जीआयपीचं. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूरने नॅरोगेज आणली, ७६२ मिलिमीटरची. एक फाटा नागभीडकडे, एक छिंदवाड्याकडे. म्हणजे एका शहरात दोन कंपन्या आणि वेगवेगळ्या काळात मिळून तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ.

जुन्या कोडबेसवर काम केलेल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. कोणी मूर्खपणा केलेला नसतो. प्रत्येकाने आपल्या वेळी आपलं काम बरोबर केलेलं असतं. पण शेवटी दोन सिस्टिम एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधला डेटा युजर हाताने वाहून नेतो. इथे डेटाच्या जागी सुटकेस आहे, एवढाच फरक.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. लंडनमध्ये १८४६ च्या एका सरकारी आयोगाने रेल्वे कंपन्यांना शहराच्या मध्यभागी येऊच दिलं नाही. सगळ्यांची स्टेशनं कडेला अडकली, आणि ती जोडायला १८६३ मध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे काढावी लागली. कोलकात्यात हावडा आणि सियालदह ह्यांच्या मध्ये अख्खी हुगळी. दोन्ही स्टेशनं मेट्रोने सलग जोडली गेली ती थेट ऑगस्ट २०२५ मध्ये. मुंबईत दादरला दोन कंपन्यांचे प्लॅटफॉर्म शेजारी आले म्हणून पुलावरून भागतं. नागपूरच्या वाट्याला दादरही आलं नाही आणि हुगळीही नाही. इथे अंतर चार-पाच किलोमीटरचं. 'एवढंच तर आहे' असं वाटायला लावणारं, आणि म्हणूनच फसवणारं.

आता उत्तर-दक्षिण. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

नागपूरहून दिल्लीला जाणारी सरळ लाइन १९२० च्या दशकापर्यंत नव्हती! आधी पश्चिमेला भुसावळला जायचं, सुमारे ३९० किलोमीटर, मग खांडव्यावरून इटारसी, आणखी ३०० च्या आसपास. म्हणजे इटारसी गाठायलाच जवळजवळ ७०० किलोमीटर. सातपुड्यातून काढलेल्या लाइनने तेच अंतर ३०० च्या आत आणलं. १५ जानेवारी १९२५ ला नागपूर स्टेशनच्या आजच्या इमारतीचं उद्घाटन झालं, गव्हर्नर फ्रँक स्लाय ह्यांच्या हस्ते. १९२९ ला बल्लारशाह-काझीपेठ हा दक्षिणेतला राहिलेला तुकडा जोडला गेला आणि दिल्ली ते मद्रास सरळ रस्ता झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्याच वर्षीची.

चार दिशांच्या गाड्या एका ठिकाणी आल्या, तिथे ते प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग आहे, स्टेशनच्या उत्तरेला मोहन नगरकडे. (व्हॉट्सॲपवर फिरतं ना, 'भारतात फक्त नागपुरात'? तो दावा सोडून द्या. रूळ रुळाला आडवे जातात अशा जागा दुसरीकडेही आहेत.) खरी गंमत वेगळीच आहे. हावड्याची लाइन येते पूर्वेकडून, पण वळसा घेऊन स्टेशनात शिरते उत्तरेच्या टोकाने. दिल्लीची लाइनही उत्तरेच्याच टोकाने. मुंबई आणि चेन्नईच्या गाड्या दक्षिणेला, अजनीकडून. त्यामुळे हावडा-मुंबई गाडी सरळ निघून जाते. पण छत्तीसगडहून दिल्लीकडे जाणारी गाडी, उदाहरणार्थ छत्तीसगड एक्सप्रेस, नागपुरात आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी उलटी निघते. नवीन माणूस घाबरतो, "अरे, परत का चालली?" परत नाही, बरोबर चालली आहे.

आणि पूर्वेकडून येणारी गाडी इतवारी सोडल्यावर मध्येच का उभी राहते, तेही ह्यातच आलं. एकमेकांना आडवे जाणारे मार्ग एका वेळी दोघांना देता येत नाहीत. एकाला हिरवा म्हणजे दुसऱ्याला लाल.

स्वातंत्र्यानंतर कंपन्या गेल्या, पण त्यांची हद्द राहिली. १९५१ मध्ये जीआयपीचा भाग मध्य रेल्वेत गेला. बंगाल-नागपूरचा भाग पूर्व, मग १९५५ पासून दक्षिण-पूर्व, आणि २००३ पासून दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत. आज नागपुरात 'नागपूर विभाग' नावाचे दोन वेगळे विभाग आहेत, दोन झोनचे, दोन डीआरएम, आणि दोघांची ऑफिसं किंग्जवेवर! मला हे फार नागपुरी वाटतं.

चला, आता त्या दोन तासांचं बोलू.

इंजिनिअरिंगला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम शिकवतात, सगळ्यात लहान वाट काढायचा. त्यात प्रत्येक कडेला वजन देतात. आपण वजन म्हणून किलोमीटर टाकतो, तिथेच घोळ होतो. गाडी बदलताना खरं वजन असतं पुढची गाडी चुकली तर काय होईल ह्याचं. दर तासाला पर्याय असेल तर अर्ध्या तासाचं अंतर पुरतं. दिवसातून एकच गाडी असेल तर चार तासही कमी वाटायला हवेत. छिंदवाड्याची जुनी नॅरोगेज २०१५ ला बंद झाली, आता ब्रॉडगेज आहे, पण तिकडे मुंबईसारख्या गाड्या नाहीत. म्हणून दोन तासांवर माझं उत्तर: गाडी वेळेवर आली तर आरामात, तासभर उशीर झाला तर धावपळ, त्यापुढे नाही. आधीची गाडी घ्या.

शहर ओलांडायचं कसं? पहिला पर्याय रुळावरचाच. पूर्वेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नागपूर आणि इतवारी दोन्हीकडे थांबतात. तुमची गाडी अजनीच्या पुढे नागपूरपर्यंत जात असेल तर अजनीला उतरूच नका.

दुसरा, मेट्रो. इथे नावाचा सापळा आहे. अजनी रेल्वे स्टेशनला जवळचं मेट्रो स्टेशन 'अजनी चौक' नाही, 'काँग्रेस नगर' आहे. अजनी चौक वर्धा रोडवर. काँग्रेस नगरहून पुढचंच स्टेशन सीताबर्डी, तिथे ऑरेंजमधून अ‍ॅक्वा लाइनला या, मग कॉटन मार्केट आणि मग नागपूर रेल्वे स्टेशन. हे संत्रा मार्केटच्या बाजूला आहे, म्हणजे प्लॅटफॉर्म ८ कडे. जुनी दगडी इमारत आणि प्लॅटफॉर्म १ त्याच्या विरुद्ध बाजूला. डिसेंबर २०२२ पासून ह्या दोन्ही लाइन टोकापासून टोकापर्यंत चालू आहेत. पण इतवारी स्टेशनच्या दारात मेट्रो नाही. शेवटचा तुकडा ऑटोचाच.

त्यामुळे दोन बॅगा आणि सोबत आईबाबा असतील तर अजनी ते इतवारी सरळ ऑटो करा. एकटे असाल, पाठीवर सॅक असेल आणि संध्याकाळी बर्डीला गर्दी असेल, तर मेट्रोने अर्धं शहर पार करून मग ऑटो.

तिकिटाचं एक. दोन वेगळी तिकिटं असतील तर पीएनआर जोडून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता मिळतात, मात्र पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांत मागणी करायची. अट अशी की प्रवाशांचे तपशील दोन्हीकडे तेच हवेत, आणि उतरायचं-चढायचं स्टेशन एकच किंवा रेल्वेने एका समूहात धरलेलं हवं. अजनी-इतवारीसारख्या जोडीला हे आधी तपासा, गाडीत बसल्यावर नको.

आणि अकोल्याकडून येऊन चंद्रपूरला जायचं असेल, तर नागपूरला येताच कशाला? वर्ध्यालाच उतरा. बल्लारशाहकडची लाइन तिथूनच फुटते, १८७० च्या दशकात कोळशासाठी टाकलेली. फक्त पुढची गाडी वर्ध्याहून आहे की सेवाग्रामहून, ते बघून घ्या. ती दोन स्टेशनं वेगळी आहेत, मध्ये तीनेक किलोमीटर.