पायाखालचा खटका

वाद्याच्या इतिहासात हातांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पायांचे फारसे झालेले नाही. वस्तुतः युरोपातील मोठ्या ऑर्गनवर खालचे गंभीर सूर शतकानुशतके पायांनीच वाजविले जातात, आणि आपल्या संगीत नाटकांतील पायपेटीला वारा पुरविला तोही पायांनीच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेवर चालणारी गिटार लोकप्रिय झाली, तेव्हा पायाच्या वाट्याला आणखी एक काम आले. ते म्हणजे चालू गाण्यात सुराचा पोत बदलण्याचे.

गिटारवादकाच्या पायाशी धातूची एक लहान पेटी असते. तिला इफेक्ट पेडल असे म्हणतात. तिच्यावरील खटका एकदा दाबला की गिटारचा सूर आतील मंडलातून फिरून खरखरीत, लाटेसारखा अथवा घुमणारा होऊन बाहेर पडतो. पुन्हा दाबला की तोच सूर मंडलाला वळसा घालून सरळ निघून जातो. ह्या पेट्या घरी बनविणाऱ्या हौशी कारागिरांची संख्या आज जगभर मोठी आहे. त्यांच्यापुढे नेहमी येणारा एक प्रश्न असा, की हा पायाचा खटका वायरींनी जोडावा की थेट सर्किट बोर्डावर बसवावा? प्रश्न किरकोळ दिसतो. परंतु आपण बनविलेली वस्तू उद्या आपल्याला उघडून दुरुस्त करता येईल काय, हे पुष्कळदा त्याच्याच उत्तरावर ठरते. म्हणून त्या खटक्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात पाहणार आहोत.

बिघाडातून जन्म

आरंभ अमेरिकेतील नॅशव्हिल ह्या शहरात झाला. मार्टी रॉबिन्स ह्या गायकाचे 'डोन्ट वरी' हे गीत १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्रणेत बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन ह्यांच्या वादनाचा सूर फाटल्यासारखा उमटला. तो तसाच ठेवण्यात आला व लोकांना आवडला. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी ह्यांनी तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणला. त्यातूनच गिब्सन कंपनीची 'माएस्ट्रो फझ-टोन' ही पेटी १९६२ साली बाजारात आली. प्रथम तिला विशेष मागणी नव्हती. परंतु १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिसफॅक्शन' ह्या गाण्यात ती ऐकू आली आणि चित्र पालटले. १९६६ साली लंडनमध्ये 'फझ फेस' ही वाटोळी पेटी निघाली. तिचा आकार मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचला होता.

ह्या काळातील खटके दणकट असत; पेटीच्या पत्र्यात नटाने घट्ट आवळलेले आणि वायरींनी मंडलाला जोडलेले. कित्येक पेट्यांत तीन पायांचा साधा खटका असे. तो केवळ बाहेर पडणारी वाट बदलीत असे. गिटारकडून आलेली वायर मंडलाला जोडलेलीच राही. परिणामी इफेक्ट बंद असतानाही सुराची चकाकी काहीशी उतरे. सहा पायांचा खटका आत येणारी व बाहेर जाणारी अशा दोन्ही वाटा एकाच दाबात बदलतो, त्यामुळे मंडल पूर्णपणे बाजूला पडते. फझ फेसमध्ये असाच खटका होता. तथापि त्यात दिवा लावण्याची सोय उरत नसे. इफेक्ट चालू आहे की बंद, हे वादकाने कानांनीच ओळखावयाचे.

नऊ पायांचा खटका

१९७५ साली क्रेग अँडरटन ह्यांचे संगीतकारांसाठी इलेक्ट्रॉनिक प्रकल्प शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि घरच्या टेबलावर पेडल बनविण्याच्या छंदाला बळ मिळाले. मात्र दिव्याची अडचण पुढेही काही काळ राहिली. आर. जी. कीन ह्या अमेरिकन अभियंत्याने सहा पायांच्या खटक्यालाच छोटेसे मंडल जोडून दिवा पेटविण्याची युक्ती काढली. तिला 'मिलेनियम बायपास' असे नाव पडले. शतकाच्या अखेरीस नऊ पायांचा खटका सर्रास मिळू लागला. त्याची तिसरी रांग दिव्यासाठी मोकळी होती. प्रश्न सुटला, परंतु नवा उभा राहिला. सुमारे ११२ मिलिमीटर लांब आणि ६० मिलिमीटर रुंद अशा प्रचलित पेटीत, तीन गुणिले तीन अशा रांगांतील पायांना आठ-दहा वायरी डाख देऊन जोडावयाच्या म्हणजे गुंता ठरलेलाच. एक वायर चुकीच्या पायाला लागली की पेटी मुकी!

बोर्डावर बसविण्याची कल्पना ह्या गुंत्यातून रूढ झाली. बोर्डाला नऊ छिद्रे पाडावी, खटक्याचे पाय त्यांत घालावे, आणि वायरींचे काम तांब्याच्या रेषांनी करावे. काम नीटनेटके होते व चुकाही टळतात. मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ह्या पेटीवर माणूस भर मैफिलीत, बूट घालून, तालाच्या आवेशात पाय आपटतो. तो भार कोणी सोसावा?

त्याचे उत्तर नटांपाशी आहे. खटक्याच्या आटे पाडलेल्या नळीवर दोन नट असतात. पत्र्याच्या वरचा नट खटक्याला आत खचू देत नाही. आतला नट खटका किती वर राहील ते ठरवितो. दोन्ही घट्ट असतील तर पायाचा भार पत्र्यावर उतरतो व बोर्ड निर्धास्त राहतो. वरचा नट सैल पडला, की खटका खाली सरकतो, भार डाखांवर येतो आणि काही दिवसांनी डाखांना तडे जातात. म्हणूनच जाणते कारागीर खटका व आवाजाच्या चकत्या प्रथम पेटीत बसवितात, नट आवळतात, आणि सर्व भाग आपापल्या उंचीवर स्थिरावल्यावरच डाख देतात. आधी डाख देऊन मग नट आवळले, तर बोर्ड वाकतो आणि तो ताण कायमचा आत राहतो. डाखही झटपट द्यावा लागतो. उष्णता फार वेळ पोहोचली तर खटक्यातील प्लॅस्टिक मऊ होते व पाय हलू लागतात.

भार आणि सूर ह्यांची फारकत

मोठ्या उत्पादकांपैकी जपानच्या बॉस कंपनीने १९७७ पासून वेगळी वाट धरली होती. तिच्या पेडलवर पाय ठेवण्यासाठी रुंद झडप असते. तिच्याखालचा लहानसा खटका केवळ इशारा देतो, आणि सुराची वाट ट्रान्झिस्टर बदलतात. पायाचा भार आणि सूर ह्यांची अशी फारकत झाली. अलीकडे घरगुती कारागीरही रिले आणि प्रोग्रॅम भरलेली चिप वापरून तेच साधतात. तेथे पायाखाली दोन पायांचा खटका पुरतो. सोय मोठी आहे. परंतु चिप बिघडली तर तिच्यातील प्रोग्रॅम जवळ नसलेला माणूस हतबल होतो. नऊ पायांच्या खटक्याचे तसे नाही. मीटरच्या दोन टोकांनी कोणता पाय कोणाशी जुळतो, हे कोणालाही तपासता येते.

पेडलमध्ये बहुधा सर्वांत आधी झिजतो तो खटकाच. कारण त्याच्यावरच रोज पाय पडतो. तो मुख्य बोर्डावर नऊ डाखांनी पक्का केला असेल, तर काढताना तांब्याच्या रेषा उखडण्याचा धोका असतो आणि एका खटक्यापायी सारा बोर्ड वाया जाऊ शकतो. म्हणून आमचा कौल मधल्या मार्गाला आहे. खटक्यासाठी टपाल तिकिटाएवढा स्वतंत्र बोर्ड करावा आणि तो चार-सहा लवचीक वायरींनी मुख्य बोर्डाला जोडावा. गुंता टळतो, धक्का वायरींत जिरतो, आणि खटका गेला तर तेवढा तुकडा बदलून पेटी पुन्हा बोलती करता येते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधीत हिंडणाऱ्या आपल्याकडील हौशी तरुणांनी हे ध्यानी ठेवावे. जो भाग सर्वाधिक सोसतो तो सर्वांत सहज बदलता आला पाहिजे. नवा खटका थोडक्या पैशांत मिळतो. मेहनतीने जुळविलेले मंडल मात्र दुकानात विकत मिळत नाही.