ध्रुवीय झोतांचं माहेर वऱ्हाडात

सूर्याच्या ध्रुवांवरून उसळणाऱ्या झोतांची कुळकथा बहुतेकजण १९९१ साली सोडलेल्या ‘योहको’ या जपानी यानापासून सुरू करतात. पुढे २००६ च्या ‘हिनोदे’नं ध्रुवांवर दिवसाला सरासरी ६० झोत मोजले. ठीक आहे. पण माझ्या मते हे घराणं मूळचं वऱ्हाडातलं.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गाहून जेऊरवरून वऱ्हाडात पोचली. तिथं तळणीला ॲनी मॉन्डर कॅमेरा लावून बसल्या होत्या. लग्न केलं म्हणून ग्रीनिचच्या वेधशाळेतली नोकरी सुटलेल्या या बाई. भिंग जेमतेम दीड इंची. पण त्यांच्या छायाचित्राच्या काचेवर सूर्यापासून सुमारे एक कोटी किलोमीटर लांब गेलेला प्रभामंडलाचा (कोरोनाचा) किरण उमटला.

विजयदुर्गकर म्हणतील, मान आमचा! गडावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, नॉर्मन लॉकियरनी १८६८ मध्ये तिथूनच हेलियम शोधला म्हणतात, १८ ऑगस्टला हेलियम दिनही होतो. पण १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. हेलियमची पिवळी वर्णरेषा त्यांनी २० ऑक्टोबरला तिथेच, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गाला ते आले १८९८ च्या ग्रहणाला, आणि ओटेही तेव्हाचेच असणार. अर्थात सूर्याच्या कडेवरचे उद्रेक ग्रहणाविना पाहण्याची युक्ती त्यांची आणि १८६८ च्या ग्रहणाला गुंटूरला आलेल्या जान्सन यांची, तेव्हा चुलत शाखा म्हणून लॉकियर मला चालतील.

माझ्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. तळणीचा किरण ध्रुवावरचा नव्हता, आणि काही मिनिटांत विझणारा झोतही नव्हता. कबूल. पण सूर्यातून द्रव्य अरुंद धारांनी बाहेर पडतं, हे तेव्हा मानत कोण होतं? पृथ्वीवरची चुंबकी वादळं सूर्यामुळे येतात ही कल्पना लॉर्ड केल्विननी १८९२ मध्ये निकालात काढली होती. तरी १९०४ मध्ये ॲनींचे पती वॉल्टर यांनी ठासून सांगितलं, की वादळं २७ दिवसांनी परततात, म्हणजे सूर्याबरोबर फिरणाऱ्या अरुंद धारांचं हे काम. एवढं बळ त्यांना घरातल्या त्या काचेनंच दिलं असणार.

पुढे ग्रहणाविना प्रभामंडल दाखवणारा लिओंचा कोरोनाग्राफ आला, सूर्यातून सतत वाहणाऱ्या द्रव्याचा पार्कर यांचा सौरवाऱ्याचा सिद्धांत आला. ध्रुवांवर चुंबकी रेषा अवकाशात मोकळ्या सुटतात, तिथलं प्रभामंडल क्ष-किरणांत काळं दिसतं, म्हणून बारीकसा झोतही नजरेत भरतो. मात्र पृथ्वीच्या बाजूनं हे सगळं पाहणं कडेनं, तिरकस. ‘सोलर ऑर्बिटर’ यानानं शुक्राच्या गुरुत्वाचा आधार घेत कक्षा १७ अंश कलती केली आणि मार्च २०२५ मध्ये दक्षिण ध्रुवाची छायाचित्रं त्या कोनातून घेतली.