१३ जुलै १९९७ : चषक गोव्याला गेला, आठवण कोलकात्यात राहिली

१/ स्पर्धा संपली की लोक अंतिम सामना लक्षात ठेवतात, उपांत्य फेरी विसरतात. १९९७ च्या फेडरेशन चषकाबाबत उलटे घडले. तो चषक अखेर कोणी जिंकला हे आठवायला कोलकात्यातील जुन्या प्रेक्षकालाही क्षणभर थांबावे लागेल. उपांत्य सामन्याचा निकाल मात्र तो झोपेतही सांगेल : ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. असे का झाले असावे, याचा शोध या थ्रेडमध्ये घेऊ.

२/ दिवस रविवार, १३ जुलै १९९७. स्थळ कोलकात्याचे सॉल्ट लेक मैदान, अर्थात विवेकानंद युवा भारती क्रीडांगण. नोंदलेली प्रेक्षकसंख्या १,३१,७८१. आजच्या वानखेडेत सुमारे तेहतीस हजार माणसे बसतात. म्हणजे चार वानखेडे एकाच मैदानात. भारतातील फुटबॉल सामन्याला लाभलेली ही सर्वांत मोठी उपस्थिती मानली जाते. आणि सामना होता केवळ उपांत्य फेरीचा.

३/ ही गर्दी कशासाठी जमली होती, हे समजण्यासाठी शतकभर मागे जावे लागते. मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची, उत्तर कोलकात्यातली. २९ जुलै १९११ रोजी या क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले होते. वंगभंगाच्या जखमा ताज्या असताना मिळालेला हा विजय खेळापुरता राहणे शक्यच नव्हते.

४/ येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडेल. १९११ च्या त्या संघातील कित्येक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. कर्णधार शिवदास भादुरी हे स्वतः त्यांपैकीच. तेव्हा मोहन बागान हा अमुक एका भागातील लोकांचा क्लब नव्हता. तो साऱ्या बंगालचा, आणि त्या दिवसापुरता साऱ्या देशाचा क्लब होता.

५/ दुरावा आला तो १९२० मध्ये, आणि तोही तिसऱ्याच एका क्लबात. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकात जोडाबागान विरुद्ध मोहन बागान असा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला ऐन वेळी वगळले. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी त्याला खेळवण्याचा आग्रह धरला. तो मानला गेला नाही.

६/ बोस पूर्व बंगालचे, म्हणूनच डावलले गेले, असा चौधरींचा समज झाला. ते क्लब सोडून बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी, अवघ्या चार दिवसांत, काही सहकाऱ्यांसह त्यांनी नवा क्लब काढला. त्याला आपल्या भूमीचेच नाव दिले : ईस्ट बंगाल. एका खेळाडूच्या अपमानातून एक संस्था जन्माला आली.

७/ योगायोग असा, की मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची पहिली गाठ पडली तीही उपांत्य फेरीतच. कूचबिहार चषक, ८ ऑगस्ट १९२१. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. दोन दिवसांनी तो पुन्हा खेळवला गेला आणि मोहन बागानने ३–० असा जिंकला. पुढे कोलकाता लीगमध्ये २८ मे १९२५ रोजी ईस्ट बंगालने १–० ने त्याचे उट्टे काढले.

८/ तरीही १९४७ पर्यंत हे वैर शहरातल्या दोन गटांचे होते. पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांना ‘घोटी’ म्हणत, पूर्वेकडून आलेल्यांना ‘बांगाल’. बोलीचा हेल वेगळा, स्वयंपाकाची रीत वेगळी. थट्टामस्करी भरपूर चाले. पण ज्याला बांगाल म्हणून चिडवत, त्याला सुट्टीत परत जायला ढाका होते, फरीदपूर होते, बारिसाल होते.

९/ फाळणीने तेच काढून घेतले. लक्षावधी कुटुंबे पूर्व बंगालमधून कोलकात्यात आली. यादवपूर, विजयगड या भागांत मोकळ्या जमिनी ताब्यात घेऊन निर्वासितांनी वसाहती उभ्या केल्या. गाव गेले, जमीन गेली, घरापुढचे तळे गेले. ‘पूर्व बंगाल’ हे नाव नकाशावर आधी पूर्व पाकिस्तान झाले, मग बांगलादेश. कोलकात्यात ते उरले एका फुटबॉल क्लबाच्या पाटीवर.

१०/ त्यानंतर त्या लाल-सोनेरी रंगाचा अर्थ बदलला. नव्या शहरात ज्याला निर्वासित म्हणून हिणवले जाई, त्याला शनिवार-रविवारी नव्वद मिनिटे ताठ मानेने उभे राहण्याची जागा मिळाली. ईस्ट बंगाल जिंकला की त्या घरांत हिल्सा शिजे. मोहन बागान जिंकला की घोटी घरांत कोलंबी. बाजारातले मासळीचे भाव सामन्याच्या निकालावर हलत, असे कोलकात्यात आजही सांगतात.

११/ आता मैदानात पाहा. निर्वासितांच्या त्या पहिल्या, सर्वांत हलाखीच्या वर्षांत ईस्ट बंगालने १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे आयएफए शील्ड जिंकली. हे वैभव ज्यांच्या पायांनी आले त्या आघाडीच्या पाच खेळाडूंना ‘पंचपांडव’ म्हणत : अहमद खान, अप्पाराव, धनराज, सालेह आणि व्यंकटेश.

१२/ या पाचांत एकही बंगाली नाही. सारे दक्षिण भारतातले. हरवलेल्या पूर्व बंगालचा अभिमान ज्यांनी राखला, त्यांचा त्या भूमीशी काडीचा संबंध नव्हता. आणि निर्वासितांना त्याचे काही वाटले नाही. खेळाडू कुठला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो कोणता सदरा घालून खेळतो, एवढेच त्यांनी पाहिले. या वैराचे घर प्रेक्षकांच्या सज्जात होते, संघात नव्हे.

१३/ सज्जातल्या या भावनेची काळी बाजूही होती. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५–० असे हरवले. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन या पराभवाची भरपाई करीन, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती.

१४/ आणि १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा लीग सामना. मैदानावरील झटापटीची ठिणगी सज्जात पडली, मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा प्रेक्षकांचा बळी गेला. सामना पाहायला गेलेली सोळा माणसे घरी परतली नाहीत. कोलकात्यात हा दिवस आजही ‘फुटबॉलप्रेमी दिवस’ म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान करतात.

१५/ सॉल्ट लेकचे प्रचंड मैदान १९८४ मध्ये खुले झाले आणि मोठे सामने तेथे होऊ लागले. म्हणजे १९९७ मध्ये तेथे सव्वा लाखाहून अधिक माणसे एकत्र आली, तेव्हा ईडनच्या दुर्घटनेला अवघी सतरा वर्षे झाली होती. सज्जातल्या चाळिशीच्या माणसाने ती आपल्या तरुणपणी पाहिलेली किंवा ऐकलेली होती. हे विसरून त्या गर्दीकडे पाहता येत नाही.

१६/ गर्दी खेचणारे निमित्त होते दोन प्रशिक्षक. मोहन बागानकडे अमल दत्त. १९९७ च्या मोसमात त्यांनी ‘डायमंड’ नावाची हिऱ्याच्या आकाराची व्यूहरचना आणली होती. तिचे सूत्र चढाईचे : बचावपटूंनीही पुढे सरकावे आणि प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ देऊ नये. उपांत्यपूर्व फेरीत या संघाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६–० असा फडशा पाडला. शहरात दुसरा विषय उरला नाही.

१७/ ईस्ट बंगालकडे प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सर्वांचे पी. के. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील भारताचे कर्णधार, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघाचे खेळाडू. सामन्यापूर्वी आपल्या बोलण्याने खेळाडूंना पेटवण्याची त्यांची हातोटी ‘व्होकल टॉनिक’ या नावाने प्रसिद्ध होती.

१८/ सामन्याआधी अमल दत्तांनी त्यांना आयते टॉनिक पुरवले. ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची त्यांनी जाहीर टिंगल केली : बायचुंग हा ‘चुंग चुंग’, केनियाचा सॅमी ओमोलो हा ‘ऑम्लेट’ आणि सोसो हा ‘शशा’, म्हणजे काकडी. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या जुन्या वैरात बांगालांना हिणवणुकीची सवय होती. पण सवय झाली म्हणून ती बोचायची थांबत नाही.

१९/ गंमत अशी, की हे दोघेही कोणा एका बाजूचे नव्हते. अमल दत्त तरुणपणी ईस्ट बंगालकडून खेळले होते. पी. के. प्रामुख्याने ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, दोन्ही मोठ्या क्लबांचा सदरा त्यांनी खेळाडू म्हणून कधी घातलाच नाही. आणि प्रशिक्षक म्हणून मोहन बागानलाही त्यांनी मोठे यश मिळवून दिले होते. वैर सज्जात होते, ते पुन्हा असे दिसते.

२०/ सामना सुरू झाला. पूर्वार्धात नजीमुल हकने ईस्ट बंगालला आघाडी मिळवून दिली आणि मध्यंतराला १–० असा फरक होता. उत्तरार्धाच्या प्रारंभी बायचुंग भुतियाने दुसरा गोल केला. मग मोहन बागानच्या चिमा ओकेरीने एक गोल फेडला. २–१. पुढची बरीच मिनिटे सामना कोणत्याही बाजूला झुकू शकत होता.

२१/ बरोबरीसाठी मोहन बागान पुढे सरसावला आणि तेथेच हिऱ्याचा दोष उघडा पडला. बचावपटू चढाईला गेले की मागे मोकळे रान उरे. बायचुंगसारख्या चपळ आघाडीपटूला एवढे पुरेसे होते. अखेरच्या टप्प्यात त्याने आणखी दोन गोल केले. ४–१. ज्याच्या नावाची टिंगल झाली होती, त्याच्याच नावावर हॅट्ट्रिक लागली. त्याचे वय होते वीस वर्षे.

२२/ आता गोल करणारे पाहा. बायचुंग सिक्कीमचा, डोंगरातल्या बौद्ध घरातला. नजीमुल हक मुसलमान. मोहन बागानचा चिमा नायजेरियाचा, आणि तो आधी ईस्ट बंगालकडूनही खेळलेला. पुढे बायचुंगनेही मोहन बागानचा सदरा घातला. पद्मा नदीच्या काठचे गाव सोडून आलेल्यांच्या नातवंडांनी, जी स्वतः ती नदी पाहायला कधी गेली नव्हती, त्या संध्याकाळी एका सिक्कीमी मुलाला आपला मानले.

२३/ अंतिम सामन्यात ईस्ट बंगालची गाठ पडली गोव्याच्या साळगावकर क्लबाशी. साळगावकरने २–१ असा विजय मिळवला आणि चषक वास्कोला नेला. १९८८ आणि १९८९ नंतरचे त्यांचे हे तिसरे फेडरेशन विजेतेपद. पुढे १९९८–९९ ची राष्ट्रीय लीगही त्यांनीच जिंकली. भारतीय फुटबॉलचा तोल गोव्याकडे झुकत होता आणि तो झुकताना दिसला याच स्पर्धेत.

२४/ गोमंतकीय वाचकाला म्हणूनच वाटेल, की विजेते आम्ही आणि थ्रेड मात्र हरलेल्यांवर. तक्रार रास्त आहे. खेळाच्या मापाने १९९७ चा सर्वोत्तम संघ साळगावकरच. पण लोकांच्या स्मरणाचे माप निराळे असते. साळगावकरने ईस्ट बंगालला हरवले तेव्हा एक क्लब हरला. ईस्ट बंगालने मोहन बागानला हरवले तेव्हा शेजारच्या घराने, कार्यालयातल्या शेजारच्या मेजाने, कित्येकदा सासरच्या मंडळींनीही मान खाली घातली.

२५/ अमल दत्त २०१६ मध्ये गेले, पी. के. २०२० मध्ये. दत्तांचा ‘डायमंड’ एका पराभवामुळे थट्टेचा विषय झाला; पण चढाईचा खेळ खेळू पाहणारा तो धाडसी प्रयत्न होता, हेही नोंदवायला हवे. सव्वा लाख माणसे पी. के. यांच्या बचावासाठी जमली नव्हती. त्यांना मैदानात आणण्यात दत्तांच्या हिऱ्याचा आणि त्यांच्या तिखट जिभेचा वाटा मोठा होता.

२६/ २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी सॉल्ट लेकचे नूतनीकरण झाले. सिमेंटच्या पायऱ्या गेल्या, खुर्च्या आल्या आणि क्षमता सुमारे पंच्याऐंशी हजारांवर आली. सुरक्षिततेसाठी ते योग्यच. ईडनच्या सोळा जणांची आठवण असलेल्या शहराला तर विशेष. मात्र त्याचा अर्थ असाही, की १३ जुलै १९९७ ची गर्दी आता त्या मैदानात मावणार नाही. तो आकडा तेथे पुन्हा लागणार नाही.

२७/ सारांश एवढाच. १९२० मध्ये एका खेळाडूला वगळल्याचा राग, १९४७ मध्ये गाव गमावल्याचे दुःख आणि १९९७ मध्ये नावाच्या टिंगलीची चीड : तिन्ही पिढ्यांना हवी होती ती मान वर करण्याची जागा. त्या जागेसाठी उपांत्य सामना पुरेसा होता. चषक आज गोव्याच्या खात्यात नोंदलेला आहे. कोलकात्यातल्या बांगाल घरांना त्याची खंत फारशी कधी वाटली नाही.

(थ्रेड समाप्त)