विम्बल्डन: गवतावरचे पुरुषांचे सामने कसे पाहायचे आणि त्यात भारतीय नाव का दिसत नाही?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर. तालुका कोणताही असो, टेनिसचा चेंडू इथल्या पोरांच्या ओळखीचा आहे. फक्त तो रॅकेटने नाही, बॅटने मारला जातो. जूनच्या शेवटी आणि जुलैच्या सुरुवातीला मात्र हाच चेंडू मोबाईलवर वेगळ्या रूपात दिसतो. हिरवं गवत, पांढरे कपडे आणि वीस-तीस सेकंदांचे विम्बल्डनचे रील्स.

रील पाहणं सोपं आहे. पण पूर्ण सामना पाहायला बसलं की प्रश्न पडतात. एकेक गुण इतक्या झटपट का संपतो? इतके तयारीचे खेळाडू घसरून का पडतात? आणि आपल्याकडचा एकही पुरुष खेळाडू एकेरीत का दिसत नाही? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पहिल्या दोन प्रश्नांत, म्हणजे गवतात, दडलेला आहे.

स्पर्धा नेमकी कशी असते?

विम्बल्डन १८७७ साली सुरू झाली. लंडनमधला ऑल इंग्लंड क्लब ती भरवतो. टेनिसमध्ये चार ग्रँड स्लॅम स्पर्धा आहेत: ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस. त्यांपैकी आज गवतावर होणारी एकच, विम्बल्डन.

पुरुष एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ खेळाडू असतात. त्यांतले १०४ जागतिक क्रमवारीच्या जोरावर थेट येतात, १६ जण पात्रता फेरीतून येतात आणि ८ जणांना आयोजक वाइल्ड कार्ड देतात. विजेत्याला सलग सात सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना पाच सेटचा, म्हणजे तीन सेट आधी जिंकेल तो विजयी. पुरुष दुहेरीचे सामनेही पूर्वी पाच सेटचे होते. २०२३ पासून ते तीन सेटचे झाले आहेत.

गवतामुळे काय फरक पडतो?

टेनिस बॉल क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. मुरमाच्या कडक मैदानावर चेंडू टप्पा पडून छातीपर्यंत उडतो. तोच चेंडू ओल्या गवतावर पडला की खाली राहतो आणि सर्रकन निघून जातो. विम्बल्डनमध्ये बॅट्समनच्या जागी रॅकेटवाला खेळाडू असतो आणि समोरून येणारी सर्व्हिस ताशी २०० किलोमीटरपेक्षाही वेगवान असू शकते.

कारण साधं आहे. गवताचं पातं गुळगुळीत असतं, त्यामुळे चेंडूला घर्षण कमी मिळतं आणि टप्प्यानंतरही त्याचा वेग फारसा कमी होत नाही. गवताखालची माती सिमेंटसारखी कडक नसल्यामुळे चेंडू उसळतोही कमी. फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर याच्या उलट घडतं. तिथे चेंडू मातीत अडतो, मंदावतो आणि उंच उडतो. म्हणून तिथल्या रॅली लांबतात, तर गवतावरचे बरेच गुण दोन-चार फटक्यांत संपतात.

विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. पहिल्या आठवड्यात ते हिरवंगार आणि निसरडं असतं, त्यामुळे पाय घसरण्याचे प्रकार तेव्हाच जास्त होतात. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळचं गवत झिजून माती उघडी पडते. म्हणजे पहिल्या फेरीचं कोर्ट आणि अंतिम सामन्याचं कोर्ट जागेने एक असलं तरी खेळायला एक नसतं.

मग सामना ठरतो कशावर?

सर्व्हिसवर. गवतावर चांगली सर्व्हिस परतवणं अवघड असल्यामुळे ज्याची सर्व्हिस असते तो बहुतेक वेळा आपला गेम जिंकतो. समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकला तर त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. पुरुषांच्या सामन्यात अनेकदा अख्ख्या सेटमध्ये एकच ब्रेक होतो आणि तेवढ्यावर सेट जातो. एकही ब्रेक झाला नाही तर ६-६ वर टायब्रेकर खेळतात.

म्हणून स्कोअर ३०-४० झाला, म्हणजे सर्व्हिस करणारा मागे पडला, की मोबाईल खाली ठेवू नये. खरा सामना त्या एका गुणात असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे २०१९ चा अंतिम सामना. रॉजर फेडररने त्या सामन्यात २१८ गुण जिंकले आणि नोव्हाक जोकोविचने २०४. तरीही जिंकला जोकोविच: ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. फेडररच्या हातात पाचव्या सेटमध्ये ८-७ असताना विजेतेपदाचे दोन गुण होते, ते दोन्ही गेले. सामन्यातले तिन्ही टायब्रेकर जोकोविचने घेतले. ४ तास ५७ मिनिटांच्या त्या खेळात एकूण गुण कुणाचे जास्त, यापेक्षा मोक्याचे गुण कुणाचे, हे महत्त्वाचं ठरलं.

पाचव्या सेटचे नियमही बदलत गेले आहेत. २०१० साली जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पहिल्या फेरीचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला आणि पाचवा सेट ७०-६८ असा सुटला. २०१८ मध्ये केविन अँडरसन आणि इस्नर यांच्या उपांत्य सामन्याचा पाचवा सेट २६-२४ पर्यंत गेला. त्यानंतर २०१९ पासून १२-१२ वर टायब्रेकर आला. २०२२ पासून पाचव्या सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेकर होतो.

जुने चाहते ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं का म्हणतात?

पीट सॅम्प्रस, बोरिस बेकर यांच्या काळात सर्व्हिस केली की खेळाडू थेट नेटकडे धावायचा आणि चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत मारायचा. याला ‘सर्व्ह अँड व्हॉली’ म्हणतात. आज बहुतेक खेळाडू बेसलाइनवर थांबून खेळतात.

यामागे एक कारण मातीत आहे. २००१ पासून विम्बल्डनच्या कोर्टवर पूर्णपणे राय जातीचं गवत लावलं जातं. त्याआधी त्यात दुसऱ्या जातीच्या गवताचं मिश्रण असायचं. नवं गवत जास्त टिकाऊ, त्याखालची जमीन जास्त घट्ट, त्यामुळे चेंडू पूर्वीपेक्षा बरा उसळू लागला. रॅकेट आणि तारांचं तंत्रही सुधारलं आणि सर्व्हिस परतवणाऱ्याचं काम सोपं झालं. २००२ चा लेटन ह्युइट आणि डेव्हिड नालबंदियन यांच्यातला अंतिम सामना बेसलाइनवरूनच खेळला गेला. २०२३ आणि २०२४ चा विजेता कार्लोस अल्काराझ आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याला ४-६, ६-४, ६-४, ६-४ असं हरवणारा यानिक सिनर हे दोघेही याच नव्या पद्धतीचे खेळाडू आहेत.

भारतीय पुरुषांनी इथे काय केलं आहे?

आजची स्थिती पाहिली तर विश्वास बसणार नाही, पण गवतावर भारतीय पुरुषांचा एकेकाळी दबदबा होता.

१९३९ मध्ये गौस मोहम्मद उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये मुलांच्या गटाचं विजेतेपद मिळवलं आणि पुढे १९६० व १९६१ अशी सलग दोन वर्षं पुरुष एकेरीची उपांत्य फेरी गाठली. १९६१ मध्ये त्यांनी रॉय एमर्सनला हरवलं आणि मग ते रॉड लेव्हरकडून हरले. विजय अमृतराज १९७३ आणि १९८१ मध्ये, तर रमेश कृष्णन १९८६ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत खेळले. १९८१ मध्ये अमृतराज जिमी कॉनर्सविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून पुढे होते.

लिअँडर पेस १९९० मध्ये मुलांच्या गटात विजेता ठरला. जुलै १९९९ मध्ये पेस आणि महेश भूपती यांनी पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा तेव्हा जेमतेम एक वर्षाचा होता. दुहेरीतली ती परंपरा रोहन बोपण्णाने बरीच पुढे नेली. २०२३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो मॅथ्यू एब्डनसोबत उपांत्य फेरीत होता.

एकेरीचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१९ मध्ये प्रज्नेश गुणेश्वरन मुख्य ड्रॉमध्ये होता. त्यानंतर थेट २०२४ मध्ये सुमित नागल दिसला. दोघेही पहिल्याच फेरीत हरले. २०२५ मध्ये पुरुष एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये एकही भारतीय नव्हता.

महाराष्ट्राचं नाव कुठे येतं?

१९९२ मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत महाराष्ट्राचा नितीन कीर्तने भूपतीच्या साथीने अंतिम फेरीत पोहोचला होता. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्हन बाल्डास आणि स्कॉट ड्रेपर यांनी त्यांना हरवलं. त्यानंतर सात वर्षांनी भूपती पेससोबत पुरुषांचा विजेता झाला.

पुरुषांची मोठी व्यावसायिक स्पर्धा महाराष्ट्रानेही पाहिली आहे. २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चा अपवाद वगळता, पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन झाली. पण ती हार्ड कोर्टवर.

मग भारतीय मागे का पडले?

पहिलं कारण कोर्टचं. १९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम गवतावर व्हायच्या. त्या वर्षानंतर यूएस ओपनने गवत सोडलं आणि १९८७ नंतर ऑस्ट्रेलियन ओपननेही. ज्या काळात गवत हा टेनिसचा मुख्य पृष्ठभाग होता, त्या काळात कोलकात्याच्या साउथ क्लबसारख्या ठिकाणी भारतीय खेळाडूंना गवताची सवय होती. जग हार्ड कोर्टकडे वळलं, तसा हा फायदा संपला.

हा फरक किती मोठा होता ते १९८७ च्या डेव्हिस कपमध्ये दिसलं. सिडनीत गवतावर भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवून अंतिम फेरी गाठली. अंतिम लढत स्वीडनने आपल्या घरी मातीच्या कोर्टवर ठेवली आणि भारत ०-५ असा हरला.

दुसरं कारण पैशांचं. टेनिसपटूला प्रशिक्षक, विमान तिकिटं, राहणं हा खर्च बहुतांशी स्वतः उचलावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये, देशात एकेरीत अव्वल असलेल्या नागलने आपल्या खात्यात जेमतेम ९०० युरो उरल्याचं सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी तो विम्बल्डन खेळला. तिथे पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही तेव्हा ६०,००० पौंड मिळत होते. २०२५ मध्ये ही रक्कम ६६,००० पौंड झाली, म्हणजे ७५ लाख रुपयांच्या आसपास. मुख्य ड्रॉमध्ये नाव येणं हे अशा खेळाडूसाठी पुढच्या वर्षभराच्या प्रवासाचं तिकीट असतं. म्हणूनच पहिल्या फेरीतल्या पराभवाला ‘लगेच बाहेर’ म्हणून हसणाऱ्या कमेंट्स या मेहनतीवर अन्याय करतात.

नंदुरबारमधून पाहायचं तर कधी आणि काय?

बाहेरच्या कोर्टवरचे सामने भारतीय वेळेनुसार दुपारी ३.३० ला सुरू होतात. कोर्ट क्रमांक १ वर ५.३० ला आणि सेंटर कोर्टवर संध्याकाळी ६ ला. २०२५ मध्ये पुरुष एकेरीची अंतिम लढत रात्री ८.३० ला सुरू झाली होती. लंडनमध्ये रात्री ११ नंतर खेळ चालवायला परवानगी नाही, म्हणजे आपल्याकडे पहाटे ३.३० पर्यंतच सामना चालू शकतो. पावसाची धास्ती तिथेही असते. सेंटर कोर्टवर २००९ पासून आणि कोर्ट क्रमांक १ वर २०१९ पासून उघडझाप होणारं छत आहे. बाकीच्या कोर्टवर सरी आल्या की खेळ थांबतो आणि गवत झाकलं जातं.

भारतीय खेळाडू पाहायचा असेल तर सेंटर कोर्टची वाट पाहू नये. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पात्रता फेरीचे तीन टप्पे होतात. एकेरीत भारतीय नाव असेल तर ते अनेकदा तिथेच सापडतं. पहिल्या आठवड्यात दुपारी बाहेरच्या कोर्टवर दुहेरीचे सामने असतात. त्या दिवसाच्या वेळापत्रकात भारताचा झेंडा शोधायचा, आणि स्कोअर ३०-४० झाला की नजर हलवायची नाही.