पाठलाग आणि पिटातला प्रेक्षक

धुळे शहरात इतिहासाच्या साधनांची दोन मोठी मंदिरे आहेत. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ साली निवर्तल्यानंतर त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ हे एक, आणि कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जिच्या द्वारे मठामठांतून रामदासी बाडे मिळवून जतन केली, ती सत्कार्योत्तेजक सभा हे दुसरे. तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या अनाम लेखकाचे अक्षरही येथे आदराने सांभाळले जाते. परंतु याच शहरातील चित्रपटगृहात पडद्यावरची मोटार कड्याच्या काठाशी आली असता पिटातल्या माणसाने कोणती आरोळी ठोकली, याचा कागद कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. चित्रपटाचा इतिहास आपण निर्मात्यांचा, नटांचा आणि फार तर यंत्रांचा लिहितो. ज्याच्या चार आण्यांवर तो सारा डोलारा उभा राहिला, त्या प्रेक्षकाची साक्ष मात्र कोणी नोंदवून घेतलेली नाही. ही उणीव पूर्ण भरून काढणे आता कोणाच्याच हाती नाही. तथापि एका विशिष्ट जातीच्या चित्रपटापुरता, म्हणजे थोड्या पैशांत काढलेल्या पाठलागाच्या चित्रपटापुरता, त्या आरोळीचा अर्थ लावण्याचा यत्न येथे करावयाचा आहे.

गरीब चित्रपटास पाठलागच का प्रिय असावा, हे प्रथम पाहू. राजवाड्याचा देखावा उभारावयाचा तर सुतार, रंगारी, गवंडी हवेत. प्रणयप्रसंगास गवई आणि कवी हवेत. पाठलागास रस्ता लागतो, आणि रस्ता सरकारचा असतो. प्रकाश लागतो, आणि सूर्य फुकट तळपतो. एक पळणारा, एक मागे लागलेला आणि दोघांमधील कमी-जास्त होणारे अंतर, एवढ्या भांडवलावर कथानक चालते. इंग्लंड-अमेरिकेत १९०३ च्या सुमारास हा प्रकार रूढ झाला, त्याचे एक कारण हेच होय. दुसरे कारण असे की, पाठलागाला भाषा लागत नाही. ज्या खानदेशात घरी अहिराणी, शाळेत मराठी, पेढीवर गुजराती, बाजारात उर्दूमिश्रित हिंदी आणि सातपुड्याच्या पायथ्याशी भिली बोली बोलली जाते, तेथे एकाच तंबूत बसलेल्या सर्वांना एकाच क्षणी कळेल अशी गोष्ट दुसरी कोणती असणार?

सुशिक्षितांना हा प्रकार कधीच रुचला नाही. १९२७ साली सरकारने दिवाणबहादुर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. समितीने मोठमोठ्या शहरी बैठका भरवून ३५३ साक्षी घेतल्या आणि १९२८ साली आपला अहवाल सादर केला. वकील, अध्यापक, अधिकारी, चित्रपटगृहांचे मालक, पुढारी अशा जाणत्या मंडळींनी तेथे मते मांडली. निरक्षर प्रेक्षकास मारामारीचे आणि धावपळीचे परदेशी मालिकापट फार आवडतात, हे त्या चर्चेत पुन्हा पुन्हा येते. परंतु ते का आवडतात, हा प्रश्न पिटातल्या माणसाला विचारावा, असे फारसे कोणाला सुचले नाही. त्याच्याविषयी पुष्कळ बोलणे झाले. त्याच्याशी बोलणे जवळजवळ झालेच नाही. आपल्या नियतकालिकांतील चित्रपटसमीक्षेलाही पुढे बराच काळ हीच खोड जडून राहिली.

या प्रेक्षकाची पारख कोणाला होती, हे १९३५ साली दिसून आले. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंचा ‘हंटरवाली’ विकत घेण्यास वितरक धजेनात. चाबूक चालविणारी, घोडा उधळणारी गोरी नायिका लोकांना रुचेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी बंधूंनी स्वतः खटपट करून चित्रपट मुंबईत लावला आणि तो आठवड्यामागून आठवडे चालला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी इव्हान्स ‘नाडिया’ या नावाने घरोघरी पोचली. तिच्या नावाने काड्यांच्या पेट्या आणि पट्टे विकले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’ निघाला. त्यात धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी होती आणि मोटारीचा पाठलागही होता. वाडियांच्या चित्रपटांतील मोटारीला ‘रोल्स रॉइस की बेटी’ असे नाव असे, आणि घोड्याप्रमाणे तीही एक पात्र म्हणून वावरे. प्रेक्षक मोटारीच्या नावाने ओरडतो, याचे हसू आणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, आपल्याकडे बैलालाही नाव असते आणि पोळ्याला त्याची पूजा होते.

तेच १९३६ साल खानदेशच्या इतिहासात दुसऱ्या कारणासाठी स्मरणीय आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले; खेडेगावी भरलेले ते पहिले अधिवेशन. नुकतेच कारागृहातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय तेथे आले होते, आणि पुढे जे. बी. एच. वाडिया याच रॉय यांच्या विचारांचे अनुयायी झाले. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. तथापि राजकारण खेड्यात नेले पाहिजे असे ज्या काळाला वाटू लागले, त्याच काळात जुलमी सत्ताधाऱ्याच्या पाठीवर चाबूक ओढणारी स्त्री पडद्यावर आली आणि खेड्यातल्या माणसाने तिला आपले म्हटले, या दोन गोष्टी अगदीच परक्या नव्हेत.

आता आरोळीकडे वळू. ती नुसती उन्मादाची आरोळी होती काय? मला तसे वाटत नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत ज्याने जनावराचे दात आणि खूर पाहून घोडा पारखला, त्याला पडद्यावरचा स्वार कच्चा की पक्का हे सांगावे लागत नसे. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावी ज्याचा जन्म इंजिनाच्या धुरात गेला, त्याला गाडी खरोखर वेगात आहे की उगाच हलविली जात आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळणारच. आणि फसविण्याच्या युक्त्या काही थोड्या नव्हत्या. छायायंत्राचा दांडा सावकाश फिरविला की सेकंदाला कमी चित्रे उमटतात. तीच फीत नेहमीच्या गतीने दाखविली म्हणजे बैलगाडीही वाऱ्यासारखी धावते. मात्र तिच्याबरोबर रस्त्याकडेची माणसेही कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे तुरतुरू लागतात. बोलपटांच्या काळात दुसरी युक्ती आली. मोटार कलागृहात जागच्या जागी ठेवून हलवावयाची आणि मागच्या पडद्यावर पळता रस्ता दाखवावयाचा. नायक सुकाणू गरगरा फिरवितो आणि मागचा रस्ता मात्र सुतासारखा सरळ! अशा वेळी पिटातून उठणारे हसू हे अडाणीपणाचे नसून परीक्षकाचे असते. उलट, नटी खरोखरच टपावर उभी आहे, गाडी खरोखरच धावते आहे, अशी खात्री पटली की तोच परीक्षक शिट्टी फुंकून पूर्ण गुण देऊन टाकतो. त्याला कथानकातील विसंगती दिसत नाही असे नव्हे. तो ती माफ करतो. धोका खोटा असलेला मात्र त्याला माफ नसतो. श्रीमंत चित्रपट वैभव दाखवून प्रेक्षकाला दिपवितो. गरीब चित्रपटाजवळ वैभव नसते. तो आपला जीव पणाला लावून दाखवितो. पिटातल्या प्रेक्षकाने हा अलिखित करार ओळखला होता, आणि आपल्या वाट्याचा मोबदला तो आवाजाने चुकता करीत होता.

परंतु या कराराची एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खरेपणाची किंमत कोणी भरली? खानदेशच्या शेजारच्या येवल्याला जन्मलेल्या ललिता पवार आरंभी साहसपटांच्या नायिका होत्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात भगवान यांनी त्यांना मारलेली थप्पड नको तितकी खरी झाली. चेहऱ्याला अर्धांग झाले, डाव्या डोळ्याला कायमची इजा पोचली आणि नायिकेची कारकीर्द तेथेच संपली. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांत ज्या बारीक झालेल्या डोळ्याला प्रेक्षक भ्याले, तो डोळा या अपघाताची खूण होता. १९७५ च्या ‘शोले’मध्ये बसंतीच्या टांग्याचा पाठलाग पाहून ज्यांनी श्वास रोखले, त्यांतील फारच थोड्यांना रेश्मा पठाण हे नाव ठाऊक होते. नायिकेच्या जागी टांगा हाकणारी ती हीच, आणि टांगा उलटून जखमी झाली तीही हीच. परदेशातही निराळे घडलेले नाही. अमेरिकेत एच. बी. हॅलिकी या जुन्या मोटारींच्या व्यावसायिकाने १९७४ साली ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ हा चित्रपट स्वतःच्या हिमतीवर काढला. लेखक, दिग्दर्शक, नायक आणि चालक तो स्वतःच. कथानक नावापुरते, पण सुमारे चाळीस मिनिटांचा पाठलाग आणि ९३ गाड्यांचा चुराडा पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. पुढचा भाग काढीत असता १९८९ साली चित्रणस्थळीच अपघातात त्याचा अंत झाला. आपली शिट्टी कोणाच्या हाडांवर वाजते आहे, हा प्रश्न प्रेक्षकाने स्वतःस विचारला पाहिजे. टीकाकारांनी त्याच्या अभिरुचीविषयी पुष्कळ प्रश्न उपस्थित केले. हा एक मात्र क्वचितच केला.

या कोड्याचे एक अनपेक्षित उत्तर खानदेशच्या उंबऱ्यावरून आले. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. परंतु १८६९ साली तो जिल्हा निर्माण होईपर्यंत हा मुलूख खानदेशातच मोडत असे. आग्रा रस्त्याने धुळ्याहून निघालेला मनुष्य तासाभरात तेथे पोचतो. यंत्रमागांच्या या गावी व्हिडिओगृह चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. दरोडेखोरांना घोडे कोठून आणावयाचे? त्यांनी सायकली आणल्या. आगगाडी कोठून आणावयाची? तिच्या जागी बस आली. म्हणजे पाठलाग राहिला, फक्त त्याचा वेग माणसाच्या मांडीतील बळाइतका झाला.

हा चित्रपट पाहून मालेगावचा प्रेक्षक पोट धरधरून हसला. ते हसू कोणाला? वरवर पाहता फजितीला. परंतु माझ्या मते ते ओळखीचे हसू होते. पडद्यावर आपलाच बोळ आहे, सायकल हाणणारा आपल्याच शेजारच्या मागावरचा कामगार आहे, हे पाहून उमटलेले ते हसू. सत्तर वर्षे परीक्षकाच्या आसनावर बसलेला प्रेक्षक येथे उठून पडद्याच्या पलीकडे गेला. आणि तेथे जाताच त्याने कराराचे कलम बदलले: धोका नको, गंमत चालेल. सायकलीच्या पाठलागात हात-पाय मोडण्याचे भय थोडे. खरेपणाचा पुरावा म्हणून येथे जखम द्यावी लागत नाही, ओळख पुरते. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात हीच मंडळी ‘सुपरमॅन’ रचताना दिसतात. छायायंत्र उंच नेण्यास बैलगाडीचा उपयोग करणारी ती कल्पकता पाहून हसू आणि आदर यांतील सीमारेषा पुसट होते. त्यातील सुपरमॅन, यंत्रमागावरचा कामगार शफीक शेख, २०११ साली कर्करोगाने गेला. पडद्यावर उडणारा तो कृश देह ज्याने पाहिला, त्याला त्या हसण्यात कालवलेली करुणा निराळी सांगावयास नको.

यापुढची पायरी सर्वांच्या परिचयाची आहे. ‘खानदेशी’ या नावाने निघणाऱ्या छोट्या विनोदी चित्रफितींतील ठेंगणा छोटू दादा आज हातातल्या दूरध्वनीवर कोट्यवधी वेळा पाहिला जातो. त्याचा ट्रॅक्टर हा ‘रोल्स रॉइस की बेटी’चा थेट वंशज होय. मात्र येथे आरोळी उरली नाही; तिच्या जागी आकडा आला. आकडा किती जणांनी पाहिले ते सांगतो, कोठे हसले ते सांगत नाही. दुसऱ्या टोकाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्याच मोहन चित्रपटगृहात ‘टायगर ३’ चालू असता प्रेक्षकांत फटाके उडविण्यात आले, लोक जीव मुठीत धरून पळाले आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. ज्या आरोळीची मी बाजू मांडीत आलो, तिचाच हा अतिरेक, हे मी नाकारीत नाही. परंतु त्यातही एक भेद आहे. जुना प्रेक्षक पडद्यावरील धाडस पारखून दाद देत असे. फटाके उडविणारा काही पारखीत नाही. नट दिसण्यापूर्वीच त्याच्या खिशात काडी तयार असते.

तेव्हा पिटातल्या प्रेक्षकाचा न्याय करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. पारख करून उठलेली आरोळी ही टीकाच होय. ती शब्दांत नाही म्हणून तिची योग्यता कमी होत नाही. पारखीवाचून केलेला गोंगाट मात्र पिटातला असो वा सभागृहातला, सारखाच पोकळ. जळगाव-धुळ्याच्या परिसरात जुन्या चित्रपटगृहांचे द्वारपाल, यंत्रचालक, तंबूमागे हिंडलेली माणसे आणि पुढच्या बाकावर बसून ज्यांचे बालपण गेले असे वृद्ध अद्याप हयात आहेत. कोणता पाठलाग पाहून ते उठून उभे राहिले आणि कोणता पाहून त्यांनी तिकिटाचे पैसे परत मागितले, एवढे जरी कोणी त्यांना विचारून लिहून ठेवले, तरी १९२८ च्या समितीकडून राहून गेलेली साक्ष काही अंशी पुरी होईल. धुळ्याच्या दप्तरखान्यात तिच्यासाठी एक कपाट सहज निघेल.