फ्लॉरेन्स येथील राजाराममहाराजांचें दहन आणि ख्रिस्ती पुनरुत्थानमत

करवीरचे छत्रपति राजाराममहाराज यांचा अंत इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ता. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं (शके १७९२, मार्गशीर्ष शुद्धपक्ष) झाला, हें इतिहासप्रेमी वाचकांस विदितच आहे. महाराज त्या वेळीं अवघे वीस वर्षांचे होते व विलायतेचा प्रवास आटोपून स्वदेशीं परतत होते. त्यांची इंग्रजी रोजनिशी बरोबरचे अधिकारी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडन येथें छापून प्रसिद्ध केली. प्रवासाची हकीकत तींत आली आहे. ती येथें पुन्हा सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

प्रस्तुत लेखांत एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. महाराजांचें दहन आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, शहराबाहेर, रात्रीच्या वेळीं, फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांची खास परवानगी काढून करावें लागलें. पंचगंगेच्या कांठीं जें कर्म सहज झालें असतें त्यास तेथें परवानगी कां लागावी? ख्रिस्ती धर्मांत दहन निषिद्ध म्हणून, असें उत्तर सामान्यतः दिलें जातें. हें उत्तर अर्धेंच खरें आहे असें आम्हांस वाटतें, व तें दाखविण्यासाठीं पुनरुत्थान या शब्दाचा अर्थ प्रथम नीट पाहिला पाहिजे.

कोल्हापुरांत हा शब्द मिशनमुळें कानांवर येऊं लागला. रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालीं येथें आले, म्हणजे महाराज अवघे दोन वर्षांचे होते. तरीहि सुशिक्षितांत या शब्दाविषयीं दोन चुकीचे समज अद्याप आढळतात. कोणी त्यास आत्म्याचें अमरत्व समजतात, तर कोणी पुनर्जन्माचा एक प्रकार. वस्तुतः तें यांपैकीं कांहींच नव्हे. अमरत्वांत आत्मा मुळीं मरतच नाहीं, तेव्हां उठावयाचें कोणीं? पुनर्जन्मांत जीव जुनें शरीर टाकून दुसरें धारण करतो. ख्रिस्ती मताप्रमाणें मरतो तो सगळा मनुष्य, आणि शेवटच्या दिवशीं ईश्वर उठवितो तोहि सगळा मनुष्य, देहासह. प्रेषितांचा म्हणून चालत आलेल्या मतांगीकारांत देहाच्या पुनरुत्थानाचें कलम स्पष्ट आहे. त्याचा आधार म्हणजे येशूचें तिसऱ्या दिवशीं उठणें. शुभवर्तमानकार थडगें रिकामें सांपडल्याचें लिहितात; उठलेला येशू शिष्यांदेखत मासा खातो असें लूक लिहितो, व त्याच्या जखमांचे व्रण कायम असल्याचें योहान नमूद करतो. म्हणजे तो पिशाच्च नव्हे आणि नवा अवतारहि नव्हे. ज्यास मारलें तोच उठला, हा सांगण्यांतील कटाक्ष आहे. या विषयावरील एक फार जुना लेख पौलानें करिंथकरांस धाडलेल्या पहिल्या पत्रांत आहे (सुमारें इ. स. ५४-५५). त्यानें बीं व रोप यांचा दृष्टान्त घेतला आहे. पेरलेलें बीं आणि उगवलेलें रोप दिसण्यांत सर्वस्वीं भिन्न, तरी रोप त्याच बियाचें.

मराठी शब्दहि या कल्पनेस चांगला जुळतो. उत्थान म्हणजे निजलेल्याचें उठणें. कार्तिकांतील प्रबोधिनीस उत्थानैकादशी म्हणतात ती याच अर्थानें. प्राचीन ख्रिस्ती लोकांनीं आपल्या दफनभूमीस जो ग्रीक शब्द योजिला त्याचा अर्थ शयनगृह असाच आहे. निजलेल्यास जाळीत नाहींत, इतकी ही भावना साधी होती. आणि दफनाची वहिवाट पडली तिच्या मुळाशीं या भावनेबरोबर यहुदी लोकांची जुनी चाल व खुद्द येशूचें थडग्यांत ठेवलें जाणें हींहि होतीं.

परंतु वहिवाट निराळी आणि सिद्धांत निराळा. या बाबतींत सर्वांत बोलका पुरावा गॉल देशांतील लिओं शहराचा आहे. इ. स. १७७ मध्यें तेथील ख्रिस्ती लोकांचा अनन्वित छळ झाला. तेथल्या मंडळीनें त्याची हकीकत पत्रानें आशियांतील बंधूंस कळविली. तें पत्र युसेबियसनें आपल्या इतिहासाच्या पांचव्या भागांत उतरून घेतल्यामुळें आज आपणांस वाचावयास मिळतें. (मूळ कागद गेला, नकलकारानें राखला, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं.) मारलेल्यांचीं प्रेतें सहा दिवस उघडीं टाकून मग जाळलीं व राख र्‍होन नदींत लोटली. हेतु हा कीं, या लोकांस पुन्हा उठण्याची आशाच राहूं नये. आपल्याकडे अस्थि व रक्षा नदींत सोडतात ती मृतास सद्गति मिळावी म्हणून. लिओंकरांनीं तेंच कृत्य मृताची गति खुंटावी म्हणून केलें! पण पत्र लिहिणारे ख्रिस्ती लोक या युक्तीनें डगमगलेले दिसत नाहींत. शत्रूंनीं जणूं ईश्वरास जिंकण्याचा आव आणला, असाच त्यांच्या लिहिण्याचा रोख आहे.

मिन्युशियस फेलिक्स याच्या लॅटिन संवादांतहि हाच मुद्दा निघतो. प्रतिपक्षी ख्रिस्ती लोकांस चितेची भीति वाटते म्हणून हिणवितो. त्यावर उत्तर मिळतें कीं, कोणत्याहि अंत्यविधीनें आमचें कांहीं बिघडत नाहीं, आम्ही फक्त जुनी व बरी चाल पाळतों. ऑगस्टिनानें आपल्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभींच, ज्यांस मूठमाती मिळाली नाहीं त्यांचें त्यामुळें कांहीं नुकसान नाहीं, असा निर्वाळा दिला आहे. आणि शेवटच्या भागांत नरभक्षकानें खाल्लेल्या देहाचें काय, अशा विचित्र शंकेचेंहि समाधान केलें आहे. तात्पर्य, देह उठविणें हें ईश्वराचें काम. तो मातींत आहे कीं राखेंत, यावर तें अवलंबून नाहीं.

मग निषेध आला कोठून? आमच्या मतें तो धर्मग्रंथांतून नव्हे, तर राजसत्ता व पंथस्पर्धा यांतून आला. शार्लमेननें सुमारें ७८५ सालीं जिंकलेल्या सॅक्सन लोकांत जुन्या धर्माप्रमाणें प्रेत जाळणाऱ्यास देहान्त शिक्षा ठेविली. अग्नि हें मूर्तिपूजकांचें चिन्ह ठरलें. पुढें शेंकडों वर्षें युरोपांत चिता पेटली ती बहुधा जिवंत पाखंड्यांसाठीं. टस्कनीच्या किनाऱ्यावर १८२२ सालीं कवि शेली याचें दहन झालें खरें, पण तें रोगप्रतिबंधक कायद्यामुळें.

महाराजांची चिता पेटली तो काळ नेमका संधीचा होता. आदल्याच वर्षीं, १८६९ सालीं, फ्लॉरेन्समध्येंच भरलेल्या वैद्यक परिषदेनें आरोग्याच्या दृष्टीनें दहनाचा पुरस्कार केला होता. १८७४ सालीं इंग्लंडांत हा वाद माजला, तेव्हां लिंकनचे बिशप वर्ड्स्वर्थ यांनीं दहनानें पुनरुत्थानावरील लोकांची श्रद्धा ढळेल असें प्रतिपादिलें. त्यावर, मग जाळून मारलेल्या हुतात्म्यांचें काय झालें, हा लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचा सवाल प्रसिद्ध आहे. लिओंचें पत्र ज्यानें वाचलें आहे त्यास बिशपसाहेबांपेक्षां शाफ्ट्सबरी यांचेंच म्हणणें पटेल. इटलींत १८७६ सालीं मिलान येथें दाहगृह झालें. रोमच्या धर्मपीठानें १८८६ सालीं दहनास बंदी केली ती विशेषतः धर्मविरोधी मंडळ्यांनीं त्याचें निशाण केल्यामुळें. १९६३ सालीं ती उठविली. मात्र पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूनें दहन करूं नये एवढी अट राहिली. २०१६ सालच्या आज्ञेप्रमाणें रक्षा वाऱ्यावर किंवा पाण्यांत सोडण्यास मनाई आहे. अग्नीस मुभा मिळाली, नदीस मिळाली नाहीं.

संगमावरील त्या जागीं १८७४ पासून महाराजांचें स्मारक उभें आहे. छत्रीची रचना मेजर मँट यांची, म्हणजे ज्यांनीं पुढें कोल्हापूरचा नवा राजवाडा योजिला त्यांचीच. आंतील अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे. शेजारीं आर्नोवर १९७८ सालीं पुरा झालेला पूलहि 'हिंदी गृहस्था'च्याच नांवानें ओळखला जातो.

वेस्टसाहेबांचें लिखाण हें शेवटीं एका इंग्रज अधिकाऱ्याचें लिखाण आहे. महाराजांबरोबर गेलेल्या आपल्या मंडळींपैकीं कोणाच्या घराण्यांत त्या रात्रीचें एखादें मोडी टिपण, पत्र वा खर्चाची याद असल्यास संग्राहकांनीं तिची नक्कल अवश्य करून घ्यावी व ती प्रसिद्धीस द्यावी, अशी विनंती आहे.